साल आईची, अंकुर दोघांचा : भोपळ्याच्या गुणांचा इतिहास



भोपळा हा काय व्याख्यानाचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आणि तोही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या तोंडून! मराठीनं भोपळ्याला तसा मान कमीच दिला. परीक्षेत शून्य मिळालं तर भोपळा मिळाला म्हणायचं, दोघांचं पटत नसलं तर विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणायचं, आणि गैरसमज उघडा पडला की भ्रमाचा भोपळा फुटला म्हणायचं. आज आपल्याला या शेवटच्या वाक्प्रचाराशी काम आहे. फळ बघितलं की त्यातल्या बीचे गुण कळले, हा तो भ्रम. तो फुटायला शास्त्रज्ञांना आणि बागवानांना मिळून सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. परसात किंवा गच्चीवर हौसेनं वेल लावणाऱ्या अनेकांच्या घरी तो अजून शाबूत आहे, आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेततो. म्हणून हा इतिहास सांगायचा.

आधी कोणत्या भोपळ्याविषयी बोलतोय ते ठरवू. दुधी भोपळा आपल्याकडे फार जुना; तंबोऱ्याचा भोपळाही त्याच्याच गोत्राचा. आजचा विषय तो नव्हे. आजचा विषय म्हणजे घारग्यांतला लाल भोपळा, ज्याला कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे काशीफळ म्हणतात. शिवाय अलीकडे बाजारात दिसणारी झुकिनी आणि शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे. हे सगळे कुकुर्बिटा या एका प्रजातीतले. या प्रजातीतल्या पाच जाती माणसानं लागवडीत आणल्या आणि पाचही अमेरिका खंडांतल्या. मिरची, बटाटा, टोमॅटो यांच्यासारखाच हा पाहुणा सोळाव्या शतकानंतर समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि इतका रुळला की तो परका आहे हे आपण विसरलो.

पाचांपैकी तीन नावं आज लक्षात ठेवू. पहिली कुकुर्बिटा पेपो : झुकिनी, हॅलोविनचा कोरलेला भोपळा आणि शोभेचे भोपळे हे सगळे हिच्यातले. दुसरी कुकुर्बिटा मॉस्काटा : आपला भाजीचा लाल भोपळा बहुतेक करून हाच. तिसरी कुकुर्बिटा मॅक्झिमा : मूळची दक्षिण अमेरिकेची, जगातले सगळ्यात अवजड भोपळे हिचे. ही तीन नावं कशाला पाठ करायची, ते पुढे कळेल.

मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतात ग्विला नाकित्झ नावाची एक लहानशी गुहा आहे. केंट फ्लॅनरी या पुरातत्त्वज्ञानं १९६६ मध्ये तिथे उत्खनन केलं. त्यात भोपळ्याच्या बिया, देठ आणि सालीचे तुकडे मिळाले. पुढे ब्रूस स्मिथ यांनी त्या बियांचं वय नव्या पद्धतीनं मोजलं आणि १९९७ मध्ये जाहीर केलं : सर्वात जुन्या लागवडीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. अमेरिकेत मका पिकू लागण्याच्याही आधी भोपळा माणसाच्या हाताखाली आला होता.

आता गंमत अशी की जंगली भोपळा खाण्यासारखा नसतोच. चेंडूएवढं फळ, टणक साल आणि गर विषासारखा कडू. कुकुर्बिटासिन नावाची द्रव्यं त्यात असतात. मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याच्या वाळलेल्या शेणात या बिया सापडल्या आहेत. म्हणजे मोठे प्राणी ही कडू फळं खायचे आणि बिया दूरवर पसरवायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं मांडलं गेलं की हे मोठे प्राणी संपल्यावर जंगली भोपळ्यांची पांगापांग थांबली. लहान प्राण्यांना कडू चव जास्त जाणवते, ते त्याला तोंड लावत नव्हते. त्या वेळी माणूस पुढे आला. त्यानं बहुधा आधी बिया खाल्ल्या आणि करवंट्यांचा भांड्यांसारखा वापर केला. कमी कडू, जास्त गराची फळं निवडता निवडता हजारो वर्षांत भाजीचा भोपळा घडला.

ही निवड सगळी फळाकडे बघून झाली. चांगलं फळ, त्याच्या बिया ठेवा. हजारो वर्षं हा नियम पुरेसा ठरला, कारण गावात सगळ्यांचे वेल साधारण एकाच वाणाचे असत. मधमाशी कुठूनही आली तरी सारखेच पराग घेऊन येत होती. अडचण सुरू झाली ती वेगवेगळ्या देशांचे भोपळे एका बागेत शेजारी शेजारी लावले गेले तेव्हा. ते झालं युरोपात.

अठराव्या शतकात व्हर्सायला आंत्वान निकोला दुशेन नावाचा एक निसर्गअभ्यासक होता. त्यानं स्ट्रॉबेरीवर लिहिलं आणि मग भोपळ्यांकडे वळला. १७६९ ते १७७४ या काळात त्यानं आपल्या बागेतल्या भोपळ्यांची अडीचशेहून जास्त रंगीत चित्रं काढली. मॅक्झिमा आणि मॉस्काटा या नावांमागे आजही त्याचंच नाव लागतं. त्याच्यापुढचा प्रश्न कोणत्याही हौशी बागवानाला पडेल असाच होता : इतकी रूपं दिसतात, तर खऱ्या जाती किती? एका फळाच्या बिया लावल्या तर दहा प्रकारची फळं येतात. मग जात ओळखायची कशी? चित्रानं रूप टिपलं जातं, नातं टिपलं जात नाही. त्यासाठी लग्नं लावून बघावी लागतात.

ती लावली ओग्युस्तँ साजरे यानं. हाही फ्रेंच. त्याचं काम भोपळ्याच्या जवळच्या नात्यातल्या खरबुजावर होतं आणि ते १८२६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानं दोन वेगळ्या खरबुजांचा संकर केला आणि गुणांच्या जोड्या करून बघितल्या : गर पिवळा की पांढरा, बिया पिवळ्या की पांढऱ्या, साल जाळीदार की गुळगुळीत, वगैरे. सगळ्यांची अपेक्षा अशी की संकरात सगळं मधलं मधलं येईल, दुधात पाणी मिसळावं तसं. त्याला दिसलं ते असं की काही गुण आईचे जसेच्या तसे येतात, काही बापाचे जसेच्या तसे. मेंडेलचा निबंध छापून यायला अजून ४० वर्षं होती.

साजरेनंतर शार्ल नोदँ. पॅरिसच्या निसर्गइतिहास संग्रहालयात हा माणूस काम करत होता. आजारपणामुळे त्याची श्रवणशक्ती गेली होती, त्यामुळे शिकवण्याचं काम त्याला कठीण झालं. बाग मात्र त्याच्याशी बोलत राहिली. जगभरातून मागवलेल्या बियांपासून त्यानं हजाराहून अधिक भोपळ्याचे वेल वाढवले, हातानं परागण केलं आणि १८५६ मध्ये निष्कर्ष मांडला : पेपो, मॉस्काटा आणि मॅक्झिमा या वेगळ्या जाती आहेत. त्यांच्या आतले वाण एकमेकांत सहज मिसळतात. जाती मात्र आपापसात मिसळायला तयार नसतात. डार्विननं १८६८ च्या आपल्या ग्रंथात नोदँच्या या भोपळ्यांची दखल घेतली आहे.

मघाशी तीन नावं लक्षात ठेवायला सांगितली ती यासाठी. तुमच्या गच्चीवर लाल भोपळा आणि झुकिनी शेजारी असतील तर त्यांचा निसर्गतः संकर होईल ही भीती जवळजवळ नको. पण झुकिनी आणि शोभेचा भोपळा शेजारी असतील तर नक्की होईल, कारण दोघं पेपो. बाजारात दोघांची नावं वेगळी, रूपं वेगळी, उपयोग वेगळे. मधमाशीला आणि परागाला त्याचं काही नाही.

नोदँ इथेच थांबला नाही. पुढे इतर वनस्पतींचे संकर करताना त्याच्या लक्षात आलं की संकराची पहिली पिढी सगळी सारखी दिसते आणि दुसऱ्या पिढीत आजोबा-आजीची रूपं पुन्हा वेगळी होऊन बाहेर पडतात. त्यानं स्पष्टीकरण दिलं की संकरित झाडात दोन जातींची ‘सारतत्त्वं’ एकत्र नांदतात आणि पराग व बीजांडं तयार होताना ती पुन्हा विलग होतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हा शब्द ओळखीचा, पार अ‍ॅरिस्टॉटलपासूनचा. नोदँ खऱ्या उत्तराच्या उंबरठ्यावर होता. त्यानं संपूर्ण जातीचं सार एक धरलं, आणि दुसऱ्या पिढीत कोणतं रूप किती वेळा आलं याचं गणित मांडलं नाही. ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्याचा एकेक गुण वेगळा धरला आणि मोजणी केली. १८६६ साली त्याचा निबंध छापून आला, १९०० मध्ये जगानं तो वाचला.

आता आपल्या भ्रमाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत पक्का समज होता की काकडी खरबुजाशेजारी लावली तर खरबूज बेचव होतं. कॉर्नेल विद्यापीठातले उद्यानविद्येचे प्राध्यापक लिबर्टी हाइड बेली यांनी १८९० च्या सुमारास हे तपासलं. खरबुजाच्या कितीतरी मादीफुलांवर त्यांनी काकडीचे पराग टाकले. फळच धरलं नाही. मग जिथे संकर होतो तिथे, म्हणजे एकाच जातीच्या दोन वाणांत, काय होतं? फळ धरतं, पण ते अगदी आईसारखंच असतं. परक्या परागाचा त्याच्यावर काही परिणाम दिसत नाही.

का दिसत नाही, हे आज सोपं वाटतं. भोपळ्याच्या वेलावर नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी. मादीफुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीपासून असतो. परागण व्हायच्या आधीच तो तिथे आहे, म्हणजे तो सर्वस्वी आईच्या शरीराचा भाग. पुढे तो फुगतो, पिकतो; पण साल आईची, गर आईचा, इतकंच काय, बीचं टरफलसुद्धा आईचं. बाप फक्त एका ठिकाणी आहे : टरफलाच्या आत जो अंकुर झोपलेला आहे त्यात. तो जागा होऊन वेल होईल, त्याला फळ येईल, तेव्हा म्हणजे पुढच्या हंगामात बाप दिसेल. त्यातही त्याचे अप्रभावी गुण असतील तर ते त्याच्याही पुढच्या पिढीत.

याचा सुंदर पुरावा ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात आहे. तिथे भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या पेपो भोपळ्यात एक बदल झाला : बीवरचं कठीण टरफल जाऊन पातळ पापुद्राच उरला. सोलायचं कामच संपलं. मुख्यतः एका अप्रभावी जनुकाचा हा खेळ. आता असा बिनटरफली भोपळा लावला आणि शेजारच्या साध्या पेपो भोपळ्याचे पराग त्यावर आले, तर या वर्षी बिया बिनटरफलीच निघणार, कारण टरफल आईचं. शेतकरी खूष. त्याच बिया पुढच्या वर्षी पेरल्या की सगळ्या फळांत टरफलवाल्या बिया! वाटेल की बियाणं बिघडलं. बिघाड आदल्या वर्षीच होऊन गेलेला असतो, फक्त डोळ्यांना दिसलेला नसतो.

दिसणं आणि असणं यांतला हा फरक तत्त्वज्ञानात हजारो वर्षं चर्चेत आहे. जीवशास्त्रात त्याला नेमके शब्द मिळाले १९०९ मध्ये. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी घेवड्याच्या दाण्यांवर काम करून तीन शब्द दिले : जीन, जीनोटाइप आणि फिनोटाइप. जे बाहेर दिसतं ते फिनोटाइप, जे वारशात वाहिलं जातं ते जीनोटाइप. भ्रमाचा भोपळा इथे अधिकृतपणे फुटला म्हणायला हरकत नाही.

यानंतर भोपळा थेट पाठ्यपुस्तकात शिरला. तुमच्यापैकी ज्यांनी जीवशास्त्र घेतलं होतं त्यांना ९ : ६ : १ हे गुणोत्तर आठवत असेल. ते एडमंड सिनट या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाचं. कनेटिकटमध्ये असताना डरहॅम या सहकाऱ्याबरोबर त्यानं १९२२ मध्ये पेपो भोपळ्यांतल्या वारशावर निबंध लिहिला आणि पुढे आकारावर काम चालू ठेवलं. दोन गोल फळांच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी फळं चकतीसारखी चपटी आली. आई गोल, बाप गोल आणि मुलं चपटी! ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यानं काय करावं? दुसऱ्या पिढीत सोळातली सरासरी नऊ चपटी, सहा गोल आणि एक लांबट. अर्थ असा : इथे दोन स्वतंत्र जनुकं काम करतात. दोन्हींची प्रभावी प्रत हजर असेल तर चपटं फळ, कोणत्याही एकाचीच असेल तर गोल, एकाचीही नसेल तर लांबट. दोन्ही आईबाप गोल होते, पण वेगवेगळ्या कारणांनी गोल होते. रूप एक, आतलं कारण भिन्न.

रंगाचंही तसंच. पांढरा, पिवळा आणि हिरवा हे रंग दुसऱ्या पिढीत १२ : ३ : १ या प्रमाणात येतात. पांढऱ्याचं जनुक असेल तर ते पिवळ्याच्या जनुकाला बोलूच देत नाही; पिवळ्याचं जनुक आत असतं, पण फळ पांढरं दिसतं. पुढे हॅरी पॅरिस या इस्रायलमधल्या संशोधकानं दाखवलं की रंगाची गोष्ट याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे, बरीच जनुकं त्यात हात घालतात. सिनट यांच्याबद्दल एक सांगायलाच हवं. उत्तरायुष्यात हे गृहस्थ तत्त्वज्ञानाकडे वळले; ‘सेल अँड सायकी’ हे त्यांचं पुस्तक १९५० मधलं. प्रत्येक फळ वाढताना आपला ठरावीक आकार कसा गाठतं, या प्रश्नानं त्यांना तिथे नेलं.

हौशी मंडळींनी या गुणोत्तरांतून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. दुसऱ्या पिढीत सोळात एक येणारा लांबट भोपळा निदान एकदा तरी दिसावा याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ४७ वेल लावावे लागतात. चारात एक येणाऱ्या साध्या अप्रभावी गुणासाठीही ११ लागतात. मेंडेलला वाटाणे होते, वीतभर जागेत मावणारे. भोपळ्याचा एकेक वेल अख्खं अंगण व्यापतो. गच्चीवर तीन आळी करणाऱ्यानं ‘तो गुण नाहीसा झाला’ असा निकाल देऊ नये. तो बहुधा आत आहे, वेल कमी पडले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ओवेड शिफ्रिस यांनी आणखी दोन धडे दिले. झुडपासारखी आटोपशीर वाढ देणारं एक जनुक आहे. शिफ्रिस यांनी १९४७ मध्ये दाखवलं की संकरित रोप लहानपणी झुडपासारखं वाढतं, म्हणजे ते जनुक प्रभावी वाटतं. मोठेपणी तेच रोप वेलासारखं पसरतं, म्हणजे तेच जनुक अप्रभावी वाटतं. प्रभावी की अप्रभावी, हे कोणत्या वयात विचारता त्यावर ठरलं! दुसरा धडा पिवळ्या रंगाचा. शोभेच्या दुरंगी भोपळ्यातलं एक जनुक फळाला फूल उमलायच्या आधीच पिवळं करतं. ते भाजीच्या वाणांत आणल्यावर लक्षात आलं की विषाणूरोगामुळे फळावर जे हिरवे डाग पडतात ते अशा पिवळ्या फळांवर दिसत नाहीत. बाजारात माल खपला. वेल मात्र आजारीच होता.

आता सर्वात गंभीर भाग. जंगली भोपळ्याचं कडूपण आपण हजारो वर्षांत काढून टाकलं, पण ते गेलं कुठे? पेपो जातीत कडूपणाचं जनुक प्रभावी आहे आणि शोभेच्या अनेक भोपळ्यांत ते आजही आहे. समजा, कोणी हौसेनं झुकिनी आणि शोभेचे भोपळे शेजारी लावले. या वर्षीची झुकिनी गोडच, कारण फळ आईचं. त्यातली एक पिकू दिली, बिया ठेवल्या, पुढच्या वर्षी लावल्या. आता ज्या बियांत कडू बाप आहे त्यांच्या वेलाला झुकिनीसारखी दिसणारी कडूजहर फळं येऊ शकतात. कुकुर्बिटासिन शिजवून जात नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये जर्मनीतल्या हायडेनहाइम इथे घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन ७९ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. त्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत कडू झुकिनीनं लोक आजारी पडले होते.

आपल्यालाही हे दूरचं नाही. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस घेतल्यानंतर एक मृत्यू झाला, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला साधा होता : आधी लहान तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या. दुधी वेगळ्या प्रजातीतला, पण कडू द्रव्यांचं घराणं तेच. आपल्या घरांत अन्न टाकायचं नाही, कडू ते औषध, असं शिकवलेलं असतं. कारल्याला ते ठीक. कडूपण हा कारल्याचा नेहमीचा गुण. भोपळा, दुधी, काकडी आणि झुकिनी कडू लागली तर मात्र संस्कार बाजूला ठेवून ती कचऱ्यात टाकायची. तिथे जिभेचं ऐकायचं, डोळ्यांचं नाही.

हौशी माणसांनी हे शास्त्र किती पुढे नेलं, हे बघायचं तर महाकाय भोपळ्यांकडे जावं. कॅनडातल्या ऑन्टारिओचा विल्यम वॉर्नॉक १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ४०० पौंडांचा आणि १९०४ मध्ये सेंट लुइसला ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा घेऊन गेला. हा विक्रम १९७६ पर्यंत टिकला. मग नोव्हा स्कोशियातला शेतकरी हॉवर्ड डिल आला. अनेक वर्षं मॅक्झिमाच्या मोठ्या वाणांचे संकर आणि निवड करून त्यानं ‘अटलांटिक जायंट’ तयार केला आणि १९८१ मध्ये त्याचं फळ ४९३.५ पौंडांवर गेलं. त्यानंतरचे जगातले सगळे विक्रमवीर भोपळे याच वंशाचे. २०१२ मध्ये रॉन वॉलेस यांच्या भोपळ्यानं २००९ पौंड भरले. २०२३ मध्ये ट्रॅव्हिस गींगर यांच्या भोपळ्यानं २७४९ पौंड, म्हणजे सुमारे १२४७ किलो.

ही मंडळी बहुतेक हौशी. पण त्यांची शिस्त बघा. प्रत्येक बीला नाव असतं : फळाचं वजन, उगवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष. ‘२००९ वॉलेस’ म्हटलं की जाणकाराला फळ कळतं. पुढे आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण, अशी वंशावळ. आपल्याकडे लग्नात पत्रिका बघतात त्याहून कसून! वजन हा एका जनुकाचा गुण नाही. अनेक जनुकं, माती, पाणी, हवा सगळ्यांचा त्यात वाटा असतो. एकाच फळाच्या दोन बिया सारखं वजन देत नाहीत. म्हणून एका फळाकडे बघून ते निर्णय करत नाहीत; त्या फळाच्या मुलांनी काय केलं हे बघतात. चांगली बी कोणती? जिची लेकरं चांगली निघाली ती. फळावरून नव्हे, संततीवरून पारख.

२०१७ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मॅक्झिमा आणि मॉस्काटा यांचे संपूर्ण जीनोम वाचले. भोपळ्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या असतात. या वाचनातून दिसलं की फार प्राचीन काळी दोन वेगळ्या पूर्वजांचे जनुकसंच एकत्र आले आणि त्यातून ही प्रजाती निघाली. म्हणजे ज्या भोपळ्यात आपण इतके संकर करतो तो मुळातच एका संकराचा वारस आहे.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे बेंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेनं ‘अर्का चंदन’सारखे सरळ वाण दिले आहेत; त्यांचं बी नीट राखलं तर पुढेही तसंच येतं. पाकिटावर एफ-१ संकर लिहिलेलं असेल तर त्याचं बी राखून पुढच्या वर्षी तेच फळ मिळणार नाही. सिनटच्या दुसऱ्या पिढीसारखी फाटाफूट होईल. यात बियाणेवाल्यानं फसवलं असं नाही, गुणांचा तो स्वभावच आहे. भारताच्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि वाटण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही, बी शुद्ध राखायची विद्या हातात लागते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती याच विद्येसाठी.

विद्या अवघड नाही. उद्या उमलेल अशी नरफुलाची आणि मादीफुलाची कळी संध्याकाळी ओळखायची, पाकळ्या दोऱ्यानं बांधायच्या, म्हणजे मधमाशी आत जाणार नाही. सकाळी लवकर नरफूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या, पराग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे, मादीफूल पुन्हा बांधायचं आणि देठाला खुणेची चिठ्ठी अडकवायची. वहीत तीन गोष्टी लिहायच्या : आई कोण, बाप कोण, तारीख कोणती. पुढच्या वर्षी त्या वेलाचं फळ कसं निघालं ते त्याच ओळीपुढे लिहायचं. फळ संपूर्ण पिकू द्यायचं, आणि पुढच्या पिढीचं पहिलं फळ शिजवण्याआधी चाखून बघायचं. दुशेनची चित्रं, नोदँचे वेल, सिनटची मोजणी आणि डिलची वंशावळ, सगळ्यांचं सार या वहीत येतं.

गावोगावी आजीच्या डब्यात राखेत ठेवलेलं लाल भोपळ्याचं बी अजून असेल. ते कोणत्या वेलाचं, चव कशी, किती दिवस टिकायचा, हे आजीला माहीत आहे आणि कुठे लिहिलेलं नाही. आजी गेल्यावर बी उरलं तरी त्याचा इतिहास जातो, आणि बी बघून तो परत काढता येत नाही. म्हणून या दिवाळीला घरी जाल तेव्हा बी मागा, आणि त्याबरोबर हे सगळं विचारून लिहून आणा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.